बिरवाडीचा धडा उमेळ्यात गिरवायला हवा

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले देहेड, घरची गरिबी, शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. कोकणात आल्यावर त्याच्यापुढे विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. चावलेला लाल विंचू असला तर काही तासांत रुग्ण घामाने चिंब व्हायचा, ओकाऱ्या सुरू व्हायच्या, हातपाय गार पडायचे. मग धाप लागायची, तोंडाला फेस यायचा आणि डोळ्यांदेखत जीव जायचा. मरणाऱ्यांत मुले बरीच असत. अशा रुग्णाचे नेमके करायचे काय, हे वैद्यकाच्या पुस्तकांत मिळत नव्हते.

त्या डॉक्टरचे नाव हिंमतराव बावस्कर. रुग्णांजवळ तासन् तास बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. नोंदी साठत गेल्या तसा त्यांतून एक क्रम दिसू लागला. दंशानंतर आधी रक्तदाब भडकतो, हृदयावर प्रचंड ताण येतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. म्हणजे दंश होतो बोटाला आणि रुग्ण दगावतो हृदय हरल्याने. बिरवाडीला रुजू झाल्यावर वर्षभरातच, १९७७ मध्ये, त्यांचे टिपण 'इंडियन हार्ट जर्नल'मध्ये आले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा लेख छापला. कुणाचे हृदय धोक्यात येणार, हे आधीच सांगणारी लक्षणे कोणती, हा त्याचा विषय होता.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी होऊन ते पुन्हा रायगडातच परतले. आता लक्षणांच्या पुढचा प्रश्न होता, उपचाराचा. विषामुळे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचे ओझे उतरेल, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी आधी नसेतून द्यायचे सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. पण ते देताना रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते आणि खेड्यातल्या दवाखान्याला ते पेलणारे नव्हते. मग प्राझोसिन ही साधी, स्वस्त, पोटात घ्यायची गोळी वापरली गेली. १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यावरचा लेख पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. गंभीर दंशात एके काळी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत; वेळेवर उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण पुढे एक-दोनावर आले. तरीही काम थांबले नाही. २०११ मध्ये ७० रुग्णांवरची त्यांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला हृदयरोगाच्या संशोधनाची वाट कशी सापडते, याचे महाराष्ट्रातले इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. हातात काय होते? स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजायचे यंत्र, कागद, पेन आणि समोरचा रुग्ण का मरतो हे कळल्याशिवाय स्वस्थ न बसण्याचा स्वभाव. तरीही आपल्याकडे 'संशोधन' म्हटले की घरोघरी एकच चित्र उभे राहते: परदेशातले विद्यापीठ, काचेची प्रयोगशाळा, पांढरे उंदीर. तेही संशोधनच आहे आणि त्याची गरजही आहे. पण महाराष्ट्रातून जगाला मिळालेल्या हृदयविज्ञानाचा मोठा भाग रुग्णाच्या खाटेशेजारी आणि गावच्या ओसरीवर जन्मला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन तिचा परिणाम काटेकोर मोजला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. आयुर्वेदात शतकानुशतके ठाऊक असलेल्या वनस्पतीकडे त्यामुळे जगाचे लक्ष वळले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच नियतकालिकात १९९२ मध्ये महाडच्या बावस्कर दांपत्याचा विंचूदंशावरचा लेख आला. मुंबईचे मोठे रुग्णालय आणि महाडचा दवाखाना, दोघांचे काम एकाच पंगतीत बसले.

हे सगळे आज सांगायचे ते उमेळ्यासाठी.

नायगाव-वसईच्या पट्ट्यातले उमेळे म्हणजे धड गाव उरलेले नाही आणि धड शहर झालेले नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये. शेतीवाडी, जुनी कौलारू घरे, त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, पलीकडे खाडी आणि मिठागरे. पहाटे डबा घेऊन निघणारे आणि रात्री लोकलमधून अंग चेपून परतणारे हजारो लोक. इथल्या घरातली एखादी मुलगी 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन एमबीबीएसला लागली की सगळ्या आळीत पेढे वाटले जातात. तिने पुढे काय करावे, हेही आळीनेच ठरवलेले असते: एमडी, जमल्यास डीएम, मग अंधेरीला किंवा बोरिवलीला कन्सल्टिंग. तिच्या स्वतःच्या गल्लीत हृदयरोगाचे किती प्रश्न उत्तराची वाट बघत पडले आहेत, ते तिला कोणी दाखवत नाही.

मिठाचेच घ्या. मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या घरांत सुके बोंबील, जवळा, खारवलेली मासळी, लोणचे, पापड हे रोजचे खाणे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. उमेळ्यातल्या एका घरात प्रत्यक्षात किती मीठ पोटात जाते? अंदाजाने याचे उत्तर येत नाही. चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातले सोडियम मोजले की येते. काम किचकट आहे, पण एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. छातीत दुखू लागले की पहिले वाक्य ठरलेले: "गॅस झाला असेल." मग ओवा, सोडा, गोळी, मग जवळचा दवाखाना, तिथे कार्डिओग्राम नसतो, मग रिक्षा, मग वाहतुकीची कोंडी. रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत कार्डिओग्राम निघावा आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे ठरले तर अर्ध्या तासात मिळावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण दारापर्यंत पोहोचण्याआधी गेलेला वेळ कोण मोजतो? दुखणे किती वाजता सुरू झाले, घरात किती वेळ गेला, रस्त्यात किती, पहिला कार्डिओग्राम कुठे आणि कधी निघाला, एवढ्या चार नोंदी शंभर रुग्णांच्या मिळाल्या, तरी वसईत कार्डिओग्रामची यंत्रे कुठे बसवायची याचे उत्तर समोर येईल.

तिसरा प्रश्न सगळ्यात खोल आहे आणि तो पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून खाली उतरतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. जी मुले तेव्हा जगली, ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे दर वर्षी मजुरीसाठी वसई, भिवंडी, ठाण्याकडे उतरतात. याचा हृदयाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आयुष्यभराचे काम याच संबंधावर आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, पण चरबीच्या बाबतीत ती तितकी कमी नव्हती. आईच्या पोटात उपाशी राहिलेले आणि पुढे भरपेट खाऊ लागलेले शरीर मधुमेह आणि हृदयरोगाकडे लवकर झुकते, असे अशा अभ्यासांतून समोर आले.

याज्ञिकांनी हे सांगायला एक फोटोही वापरला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि ब्रिटनचे डॉ. जॉन यूडकिन शेजारी शेजारी झळकले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण यूडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दिसणारे वजन आपल्याला किती फसवते, ते त्या एका फोटोने जगभरच्या डॉक्टरांना समजले. जव्हारच्या उपाशी बालपणातून वसईच्या वडापाव-चहाच्या आयुष्यात आलेल्या मजुराचा रक्तदाब आणि साखर काय सांगते, हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. ते उचलायला पालघर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याइतके जवळ दुसरे कोणी नाही.

एका छोट्या जागेच्या अभ्यासाने काय होणार, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर १९४८ पासून मिळत आले आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून वर्षानुवर्षे त्यांची तपासणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हृदयविकाराला निमंत्रण देतात, हे आज रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. त्या ज्ञानाचा मोठा भाग त्या गावाने दिला. इकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात सामील झाले. २००७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या लेखाचे ते पहिले लेखक होते. दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५८.८ व्या वर्षी, हे त्या लेखाने आकड्यांनी दाखवले. गडचिरोलीत डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग आणि 'सर्च' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा साधारण दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने झालेला निघाला. आदिवासी भागातले मृत्यू म्हणजे हिवताप आणि अतिसार, ही समजूत २०१५ च्या त्या लेखाने मोडीत काढली. मोजल्याशिवाय हे कळलेच नसते.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. गंमत म्हणजे, वाटेच्या पायऱ्या बांधून तयार आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम लावला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाने गावातली तीन ते पाच कुटुंबे घ्यायची आणि शिक्षणभर त्यांच्याकडे जात राहायचे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची गावाशी अशी गाठ कित्येक दशकांपासून बांधली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचा छोटा संशोधन प्रकल्प आणि विद्यावेतन देते. एमडी-एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे २०२१ च्या तुकडीपासून बंधनकारक आहे. या तिन्ही पायऱ्या एकमेकींना जोडल्या, तर अठराव्या वर्षी दत्तक घेतलेल्या घरातला रक्तदाब पंचविसाव्या वर्षी प्रबंधात उतरू शकतो.

त्या जोडलेल्या नाहीत, हे दुखणे आहे. कुटुंबभेट अनेकदा फोटो काढून आणि तक्ता भरून उरकली जाते. पुढच्या तुकडीला नवी घरे मिळतात आणि जुन्या नोंदी कपाटात जातात. दोन महिन्यांच्या प्रकल्पाला मार्गदर्शक हवा, नैतिकता समितीची मंजुरी हवी, दोन्ही वेळेत मिळतील याची खात्री नाही. एमडीचा प्रबंध तर बहुतेकांना पदवीच्या वाटेतला टोलनाका वाटतो.

आणि मुलांना दोष कसा द्यावा? पुढच्या प्रवेशाची परीक्षा आहे दोनशे बहुपर्यायी प्रश्नांची. इंटर्नशिपचे वर्ष, जेव्हा रुग्णाजवळ बसायचे असते, ते ग्रंथालयात आणि मोबाइलवरच्या क्लासमध्ये जाते. उमेळ्यातल्या बापाने जमीन विकून किंवा कर्ज काढून फी भरली असेल, तर "बाबा, मला दोन महिने लोकांची लघवी मोजायची आहे" हे त्या मुलीने घरी कोणत्या तोंडाने सांगावे? तिच्या या कामाला परीक्षेत आणि प्रवेशात काही मोल मिळाले तरच घरचे ऐकतील. मोल मात्र कामाला मिळावे, छापील लेखांच्या संख्येला नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बाजारात भरपूर आहेत आणि संख्या मोजायला लागले की त्यांचे फावते. मोजायचेच असेल, तर विद्यार्थी त्याच घरी किती वेळा परत गेला आणि त्याच्या नोंदी दुसऱ्याने तपासल्यावर खऱ्या निघाल्या का, हे मोजावे.

कारण या संशोधनाचा कस लागतो तो अगदी साध्या कृतीत. ओसरीवर आजी बसल्या आहेत. नुकत्याच विहिरीवरून किंवा जिना चढून आल्या असतील, तर पाच मिनिटे थांबायचे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, हात हृदयाच्या उंचीवर, खाली उशी. दंडाला पट्टा नेमक्या मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. मोजताना गप्पा बंद, आजींच्याही आणि सुनेच्याही. एकदा मोजून मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे. १३८ आले तर १३८ च लिहायचे, शेवटचा आकडा शून्यावर आणून १४० करायचे नाही. हे दहा घरांत नीट केले, तर दहा खरे आकडे हाती येतात. शंभर घरांत घाईने केले, तर शंभर निरुपयोगी.

"किती आलं गं माझं प्रेशर?" असे आजी विचारणारच. इथे संशोधकाची जबाबदारी सुरू होते. आकडा वाढलेला असेल, तर चिठ्ठी देऊन, नाव नोंदवून, पालिकेच्या दवाखान्यात गोळी सुरू होईपर्यंत पाठपुरावा करायचा. संमतीचा कागद आजींना समजेल अशा मराठीत हवा. 'नाही' म्हणायचा त्यांचा हक्क त्यात आधी लिहिलेला हवा. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष गावात येऊन, लोकांना बसवून सांगायचे. ज्यांच्या अंगावरचे आकडे घेऊन लेख होतो, त्यांना त्या लेखातले काहीच कळत नसेल, तर ती उचलेगिरी झाली.

मागणी मोठी नाही. मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी दत्तक कुटुंबांची नोंदवही एकच ठेवावी आणि ती तुकडीकडून तुकडीकडे सोपवावी. वसई-विरार महानगरपालिकेने आपला आरोग्य विभाग आणि वसईचे सर डी. एम. पेटीट रुग्णालय अशा प्रकल्पांसाठी खुले करावे. रुग्णांची नावे झाकून नोंदी अभ्यासायला द्याव्यात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने इंटर्नशिपमधला एक महिना या कामाला राखून ठेवावा आणि मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाच्या तासांतून तेवढा भार कमी करावा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

येत्या प्रवेशफेरीत वसई तालुक्यातली काही मुले-मुली पुन्हा एमबीबीएसला लागतील. त्यांतल्या एकीला तिच्याच गावातली पाच घरे दत्तक मिळाली, पहिल्या महिन्यात तिने तिथल्या दहा-वीस माणसांचे रक्तदाब दोन-दोनदा मोजून लिहिले आणि साडेपाच वर्षांनी इंटर्नशिप संपताना तिच्याकडे त्याच माणसांचे, त्याच हातांनी मोजलेले आकडे असले, तर हृदयरोगाचा उमेळ्यातला पहिला अभ्यास सुरू झालेला असेल. त्या नोंदवहीवर सही करणारा शिक्षक मात्र तिला आत्ताच, पहिल्या वर्षीच, मिळायला हवा.